त्रेसष्ट नंबरचं झाड

वादळाला नऊ दिवस झाले तेव्हा आम्ही बातिनाच्या किनाऱ्यावर उतरलो,
इंजिनिअर बदरिया, ड्रायव्हर, आणि टॅब धरायला मी.
आमच्याकडे याला पंचनामा म्हणतात.
इथला शब्द हसर. म्हणजे मोजणी.
मराठी कानाला तो इतका भलताच लागला
की पहिले दोन दिवस तो शब्द उच्चारताना
मी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

खल्फान बिन मुबारकची वाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर.
कुंपणात एक फ्रीज अडकलेला, कुणाचा ते कुणालाच ठाऊक नाही.
दार सताड उघडं,
आत वाळू, कप्प्याकप्प्यांत नीट भरलेली.
म्हातारा काठीने खजुराच्या बुंध्यावर टकटक करायचा,
शफीकुल चुन्याने आकडा घालायचा,
मी टॅबवर बोट.
मेलेलं. जिवंत. दोनच चौकटी.

एकेचाळीसला म्हातारा म्हणाला, हे नको.
हे तीन वर्षांपूर्वीच गेलं, सोंडकिड्याने.
वादळाच्या माथी कशाला मारता?
मी खोडलं.
पंप दोन. लिंबं अठरा.
शेळ्या किती?
म्हातारा शफीकुलकडे वळला,
कारण शेळ्या शफीकुलच्या होत्या.
सहा, तो म्हणाला. त्यातली एक गाभण.
शफीकुलचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं.
बदरियाने सहा शेळ्या मालकाच्या नावे लावल्या
आणि पाणी प्यायली.
गाभण शेळी एक धरायची की दोन,
यावर नियम गप्प.

त्रेसष्ट उभं होतं.
झावळ्या लोंबलेल्या, बुंध्याला कमरेइतकी मिठाची रेघ.
तिथे म्हाताऱ्याने टकटक केलं नाही.
बदरिया फोनवर होती.
मी कुणाला न विचारता पहिल्या चौकटीत बोट टेकवलं.

देवरुखला एकदा आमच्या दारातही पंचनामा झाला होता.
तलाठ्याने उभ्या भिंतीला उभीच लिहिलं.
ती दसऱ्याला बसली.

फेब्रुवारीत पैसे जमा झाले.
मार्चमध्ये फोन.
तुमच्याकडून एक झाड जास्त लागलंय, म्हातारा म्हणाला.
त्रेसष्टला पोय फुटलीय. एक नाही, तीन.
शफीकुल वर चढून नराचा फुलोरा बांधून आला.
पैसे परत करायचा अर्ज कुठे मिळतो?

मी शोधला.
पैसे न मिळाल्याचा अर्ज होता, कमी मिळाल्याचा होता,
वारसाचा, बँक बदलल्याचा.
मेलेलं झाड जिवंत झाल्याचा नव्हता.
बदरियाला सांगितलं तर ती डोळ्यांत पाणी येईतो हसली.
मग उठून दार लावलं.
ती चौकट कोणी भरली?
मी म्हटलं, मी.
तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं
आणि दार पुन्हा उघडलं.

म्हाताऱ्याला कळवलं, असा अर्ज नाही.
तो काही बोलेना.
मागे पंप चालू होता, आवाजावरून नवा.
मग म्हणाला,
त्या सहांत एक गाभण होती ना,
तिचं पिल्लू तुम्ही धरलं नव्हतं.
झाडाचे पैसे त्या पिल्लाकडे वळते करतो.
शफीकुल इथेच उभा आहे, लाजतोय.
आता बसला हिशेब?
मी म्हटलं, बसला.

सिस्टममध्ये त्रेसष्ट अजून मेलेलंच आहे.
जुलैत त्याचे खजूर ऑफिसात आले,
बिस्किटांच्या जुन्या डब्यात, झाकणावर चुन्याने आकडा.
मी सात खाल्ले.
किंचित खारट होते,
किंवा मलाच तसं वाटलं.